सहा वर्षं जुन्या खाऱ्या टाकीतली खडी काढून वाळू घालायची आहे, कशी घालू?

खारट_पुणेकर · ३ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता अडलं म्हणून लिहितोय. पुणेकर आहे, समजून घ्या.

टाकी चार फूट लांब, १८ इंच रुंद, २० इंच उंच, खाली संप (म्हणजे गाळणीची दुसरी टाकी). सुरुवातीला दुकानात जे मिळालं ते तळाला घातलं, म्हणजे कोरलची खडी, ३ ते ५ मिलिमीटरची, तीन इंचांचा थर. तेव्हा भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी दिसायची. आता समोरच्या काचेतून बघितलं तर वरचा अर्धा इंच बरा, खाली सगळं तपकिरी, आणि डावीकडच्या मोठ्या दगडाखाली एक काळा डाग. दिवाळीत सुपारीएवढा होता, आता तळहाताएवढा झालाय.

मासे: क्लाऊनची जोडी, एक टोमिनी टँग, एक रॉयल ग्रामा, दोन बांगाई कार्डिनल. एक क्लीनर कोळंबी. मऊ कोरल थोडे, झोआ, मशरूम आणि एक लेदर. सगळे मजेत आहेत. पण नायट्रेट ६०च्या खाली उतरत नाही, फॉस्फेट ०.३. पाणी बदलतो, दोन दिवस बरं, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

खरं सांगायचं तर नायट्रेट हे निमित्त. मला पिवळा रॅस पाळायचाय, हॅलिकोएरस. हा मासा रात्री वाळूत घुसून झोपतो. या खडीत घुसला तर अंग सोलवटून घेईल.

तर एका दिवसात सगळं उपसू की हळूहळू? सायकल, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची घडी, पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागेल का? आणि हो, २५ तारखेला घरी हळदीकुंकू आहे. त्या दिवशी हॉलमध्ये एकही बादली दिसता कामा नये, असा घरचा आदेश आहे.

सुरमई_दादर · ३ जानेवारी, रात्री ११:०५

टाकी सहा वर्षं चालतेय, मासे जेवतायत, मग कशाला हात घालतोस रे? मी एकदा एका दुपारी टाकी 'साफ' केली होती. खडी हाताने ढवळली, वर आलेला गाळ जाळीने काढला, मासे आतच. घाण निघाली म्हणून काय आनंद झाला होता मला! संध्याकाळी पाचही मासे पाण्याच्या वर तोंड काढून होते. सकाळी एक उरला. तेव्हापासून माझ्या टाकीत तळाला फक्त काच. वाळूही नको आणि तो व्यापही नको.

जुना_टाकीवाला · ४ जानेवारी, सकाळी ६:१५

सुरमई, तुझं दुखणं खरं, निदान चुकलं. खडी काढली म्हणून तुझे मासे गेले नाहीत. खडी *ढवळली* आणि मासे त्याच पाण्यात ठेवले, म्हणून गेले. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुणेकरा, तुझी खडी म्हणजे दारातलं पायपुसणं. बारीक वाळूवर पडलेलं खाणं आणि विष्ठा वरच राहते, प्रवाहाने उडून संपात जाते. खडीच्या फटी मोठ्या, सगळं खाली उतरतं, पण तिथे पाणी हवं तसं खेळत नाही. सहा वर्षं कोणी ते पायपुसणं झटकलेलं नाही. पाणी बदलून नायट्रेट परत चढतं ते यामुळेच, तळाला कारखाना चालू आहे.

मी ठाण्यात आतापर्यंत चार टाक्यांची खडी बदलली, माझ्या दोन आणि मित्रांच्या दोन. पद्धत एकच, पट्टे पाडून.

टाकीच्या लांबीचे सहा भाग कर, साधारण आठ-आठ इंचांचे. एका वेळी एकच पट्टा. पाऊण इंची पारदर्शक नळी घे. एक टोक थेट खडीत खुपसायचं, दुसरं खाली बादलीत. खडी आणि गाळ दोन्ही पाण्याबरोबर नळीतून निघून येतात, टाकीत काही उडत नाही. हाताने किंवा डबड्याने उपसलंस की धुरळा झालाच म्हणून समज. नळी पारदर्शक हवी, कारण आत खडी अडकली की कुठे अडकली ते दिसायला हवं.

एका पट्ट्याला तीस-पस्तीस लिटर पाणी जाईल. तेवढंच नवीन मीठपाणी आदल्या दिवशी कालवून, गरम करून तयार ठेव. म्हणजे खडी काढणं आणि पाणी बदलणं एकाच कामात उरकतं. मग आठ-दहा दिवस थांबायचं, अमोनिया बघायचा, पुढचा पट्टा.

रिकाम्या पट्ट्यात शेजारची खडी घसरते. त्याला मी ॲक्रिलिकची पट्टी उभी लावतो. शेताला बांध घालतात तसा बांध.

अभ्यासू_बेडूक · ४ जानेवारी, सकाळी ९:३०

काकांना अनुमोदन, पण सायकलबद्दलची भीती जरा कमी करतो. पोटापाण्यासाठी जिवाणूच बघतो, त्यामुळे राहवत नाही.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात पोहत नसतात, पृष्ठभागाला चिकटलेले असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. म्हणजे दगड, संपाच्या भिंती, पाइपाच्या आतली बाजू, खडीचा वरचा थर. खालची अडीच इंच तपकिरी खडी या कामात फारशी नसतेच. दगड किती आहेत तुमच्याकडे? वीस-पंचवीस किलो सच्छिद्र जुने दगड असतील तर सहा माशांचा भार ते एकटे पेलतील.

घाबरायचं ते गाळाला. तो पाण्यात उडाला की दोन गोष्टी होतात. कुजणारा माल सगळीकडे पसरतो आणि त्याच्यावर तुटून पडलेले जिवाणू प्राणवायू ओढतात. सुरमईताईंचे मासे वर तोंड काढून होते ते यामुळे. शिवाय अमोनिया सुटतो. गोड्या पाण्यात पीएच ७ असेल तर त्यातला विषारी भाग एक टक्काही नसतो. तुमच्याकडे ८.२ला तो सातआठ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून गप्पीवाल्या मित्राने 'काही नाही होत' म्हटलं तर त्याचं ऐकू नका.

काळा डाग म्हणजे लोहाचं सल्फाइड. प्राणवायू नाही अशा जागी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, कुजक्या अंड्याचा वास येतो तोच. तो डाग आहे तिथे गुपचूप बसलाय तोवर निरुपद्रवी. **तो मोठा दगड पाण्यात मासे असताना उचलू नका.** हे ठळक मुद्दाम केलंय.

गप्पी_गणपत · ४ जानेवारी, सकाळी १०:०२

गप्पीवाला मित्र हजर आहे. काही नाही होत.

मांडवीकाठ · ४ जानेवारी, दुपारी १:१५

पणजीहून लिहितोय. दुकानातल्या वाळूला किलोमागे एवढे पैसे कशाला मोजता? समुद्राचे मासे, समुद्राची वाळू. किनाऱ्यावरून दोन पोती आणा, धुवा, घाला. मी एकदा रत्नागिरीकडून येताना आणली होती, मस्त काळसर चमकदार.

जुना_टाकीवाला · ४ जानेवारी, दुपारी २:४०

मांडवीकाठ, ती काळी चमक म्हणजे इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्याचे साठेच आहेत. त्यात मॅग्नेटाइटही असतं. जोरदार लोहचुंबक फिरवून बघा, मिशा फुटतात त्याला. असे कण काच घासायच्या चुंबकाला चिकटले की प्रत्येक फेरीला काचेवर ओरखडा, आणि वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) रोटरवर बसले की तोही गेला.

आपल्या कोकणपट्टीची वाळू बरीचशी गारगोटीची, त्यात शिंपल्यांचा चुरा. खाऱ्या टाकीला हवी अरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. घरच्या घरी परीक्षा: चिमूटभर वाळूवर लिंबू पिळा. सगळीकडून फसफसली तर चुन्याची. इथे-तिथे दोनचार बुडबुडे आले तर शिंपले तेवढे फसफसले, बाकी गारगोटी.

आणि किनाऱ्यावरून पोती भरून वाळू उचलणं हा कायद्याचाही मामला आहे, ते वेगळंच.

सुरमई_दादर · ४ जानेवारी, दुपारी ३:१०

त्यात भर. मालवणला किंवा लक्षद्वीपला गेल्यावर 'मेलेलं आहे, किनाऱ्यावरच पडलं होतं' म्हणून कोरलचे तुकडे पिशवीत घालणारे पुष्कळ आहेत. कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. मेलेला तुकडाही त्यात आला. समुद्रपंखा, समुद्री घोडा, समुद्री काकडी, सगळ्यांना याच कायद्याचं संरक्षण. मी एकाला विमानतळावर अडकलेला पाहिलाय, सुट्टीचा सगळा आनंद उतरला होता त्याचा.

मांडवीकाठ · ४ जानेवारी, दुपारी ३:२२

बरं बाबा, चुकलं. माझ्या टाकीत काचेवर ओरखडे का पडतात ते आज कळलं.

न्यूजर्सीकर · ५ जानेवारी, पहाटे ४:५०

मी उलट पद्धतीचा. दोन वर्षांपूर्वी इकडे तळघरातली टाकी एका शनिवारी अख्खी रिकामी केली. एका मोठ्या ड्रममध्ये वरचं स्वच्छ पाणी, दगड, कोरल. दुसऱ्यात मासे, हीटर, हवेचा दगड, वर जाळी. मग टाकीत उरलेलं तळाचं पाणी आणि वाळू सगळी फेकून दिली. काच पुसली. आधी दगड थेट काचेवर ठेवले, मग त्यांच्याभोवती वाळू. हा क्रम महत्त्वाचा. दगड वाळूवर ठेवले आणि उद्या गोबी किंवा पिस्तूल कोळंबीने खालून बोगदा खणला की दगड कोसळतो.

सकाळी आठला सुरू केलं, रात्री साडेअकराला मासे परत आत. कमरेचं काही विचारू नका. पण एकही मासा गेला नाही, कारण गाळ आणि मासे एका पाण्यात एक मिनिटही नव्हते.

काकांची पट्ट्यांची पद्धत किंवा माझी एकदिवसीय, दोन्ही चालतात. मधली चालत नाही. मासे आत, दगड आत, आणि अर्धी टाकी एका झटक्यात.

खारट_पुणेकर · ५ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. दगड २५ ते ३० किलो आहेत. एकदिवसीय सामना माझ्या दीड खोलीच्या हॉलमध्ये शक्य नाही, शिवाय जानेवारीतल्या पुण्यात बादलीतलं पाणी तासाभरात गार होतं. म्हणून पट्टे.

वाळूचा हिशोब केलाय, बघा बरोबर आहे का. तळ १२२ गुणिले ४६ सेंटीमीटर, थर ५ सेंटीमीटर, म्हणजे २८ लिटर. लिटरला दीड किलो धरलं तर ४२ किलो. दगडांनी पाव जागा अडवलीय, म्हणजे तीसएक किलो पुरावी.

जुना_टाकीवाला · ५ जानेवारी, रात्री १०:०५

बरोबर. अर्धा ते एक मिलिमीटरचा दाणा घे. त्याहून बारीक घेतलीस तर वेव्हमेकर तिचे डोंगर करेल. रॅससाठी दोन इंच पुरे, तुझे पाच सेंटीमीटर झालेच.

धुताना शेवटचं पाणी आरओचं. जुन्या खडीच्या वरच्या थरातली वाटीभर, स्वच्छ दिसणारी, बाजूला ठेव. जाळीच्या पिशवीत घालून नव्या वाळूवर महिनाभर ठेवायची. विरजण लावतो ना, तसं.

खारट_पुणेकर · १० जानेवारी, रात्री ११:५०

पहिला पट्टा झाला, उजव्या टोकाचा, जिथे दगड नाही.

वाळू धुण्यात सकाळ गेली. पाच किलो वाळू एका बादलीत, पाणी घालायचं, ढवळायचं, ओतायचं. पहिलं पाणी अगदी ताकासारखं. नवव्या पाण्यालाही पीयूष म्हणता येईल एवढं गढूळ होतं, तिथे हार मानली. नंतर समजलं की पूर्ण नितळ होतच नाही.

नळी खडीत खुपसली आणि जे काही निघालं त्याला तोड नाही. खडी टकाटक आवाज करत नळीतून उतरत होती आणि तिच्याबरोबर चहाचा चोथा यावा तसा तपकिरी गाळ. बादली तासभर ठेवली तर तळाला खडी, वर चार बोटं चोथा आणि त्यात वळवळणारे काटेरी किडे. एकाला उघड्या हाताने उचललं. बोटात काचतंतू शिरल्यासारखं झालं, अजून चुरचुरतंय.

वाळू आत घालायला दीड इंची पीव्हीसी पाइप, टोक तळापर्यंत, वरून कपाने ओतत गेलो. पंप सगळे बंद. धुरळा उडाला पण त्याच भागात राहिला. तासाभराने पंप चालू केले, संपाच्या तोंडाला कापूस लावला, सकाळपर्यंत स्वच्छ होईल असं वाटतंय. अमोनिया शून्य. क्लाऊन लगेच नव्या वाळूवर येऊन तोंडाने दाणे उचलून फेकत होते.

सौ. म्हणाली, "एवढी घाण घरात होती?" मी म्हटलं, घरात नाही, टाकीत. तिने बघितलं फक्त.

अभ्यासू_बेडूक · ११ जानेवारी, सकाळी ८:४५

काट्यांना चिकटपट्टी लावून उपटा, उरलेल्यांवर व्हिनेगर. आणि पुढच्या वेळी रबरी हातमोजे. तुमच्याकडे झोआ आहेत. दगड खरवडताना किंवा झोआ फाटले तर त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, ते डोळ्यात किंवा जखमेत जाता कामा नये. असे दगड कधीही उकळू नयेत, वाफेतून श्वासात जाऊन लोक रुग्णालयात पोचलेले आहेत.

खारट_पुणेकर · १८ जानेवारी, रात्री १०:१५

दुसरा पट्टा. यावेळी दोन तासांत उरकला. अमोनिया शून्य, नायट्रेट ४५. दोन्ही पट्टे पांढरे आणि बाकीची खडी तपकिरी, टाकी झेब्राच्या पाठीसारखी दिसतेय. हळदीकुंकवाच्या आधी निदान पुढचा भाग एकसारखा व्हावा अशी मागणी आलीय.

जुना_टाकीवाला · १८ जानेवारी, रात्री १०:३०

मागणी नम्रपणे फेटाळ.

खारट_पुणेकर · २३ जानेवारी, रात्री ९:२०

तातडीने मदत हवी. दोन पट्टे एकदम काढत होतो. मोठा दगड थोडा सरकवायला गेलो, तो खडीवरच उभा होता, खालून खडी गेल्यामुळे कलंडला. काळं पाणी वर आलं. अख्ख्या हॉलमध्ये सडक्या अंड्याचा वास. टँग आणि कार्डिनल वर तोंड काढतायत. काय करू?

जुना_टाकीवाला · २३ जानेवारी, रात्री ९:२३

दगडाला आता हात लावू नको. सगळे वेव्हमेकर पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळव, पाणी फुटलं पाहिजे. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पूर्ण जोरात, ओसंडला तरी चालेल. हवेचे पंप असतील तेवढे लाव. नवं मीठपाणी तयार आहे ना?

खारट_पुणेकर · २३ जानेवारी, रात्री ९:२५

आहे, ७० लिटर.

जुना_टाकीवाला · २३ जानेवारी, रात्री ९:२६

त्यातलं ३० लिटर एका टबात, हवेचा दगड लावून. तापमान जुळत असेल तर मासे सरळ त्यात. टँग आधी. थेंबाथेंबाने सरावण्याचा सोहळा आत्ता नको. राहिलेलं ४० टाकीतलं काळं पाणी उपसून भर. कार्बन असेल तर संपात टाक.

अभ्यासू_बेडूक · २३ जानेवारी, रात्री ९:४०

खिडक्या उघडा. सल्फाइड प्राणवायू असलेल्या पाण्यात फार वेळ टिकत नाही, खरी लढाई पुढच्या काही तासांची आणि ती प्राणवायूची आहे. रात्री पंप बंद करू नका, वीज गेली तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

खारट_पुणेकर · २४ जानेवारी, पहाटे २:३५

क्लाऊन, टँग, ग्रामा टबात ठीक आहेत. एक कार्डिनल गेला. कोळंबी सापडली नाही, मग दगडामागे सापडली, गेलेली. टाकीत अमोनिया ०.५. वास कमी झालाय. कोरल सगळे मिटून बसलेत.

चूक माझीच. बेडूकरावांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं. रात्री झोपताना वाटलं, कोणासाठी एवढी घाई केली? हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका टाकीचा तळ बघणार होत्या का?

सुरमई_दादर · २४ जानेवारी, सकाळी ७:१०

मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की टबातल्या माशांना आज खायला घालू नकोस, आणि टबात अमोनिया तपासत राहा, छोट्या पाण्यात तो पटकन चढतो.

खारट_पुणेकर · २५ जानेवारी, रात्री १०:००

अमोनिया टाकीत ०.१. मासे परत आत सोडले. पण पाणी आता दुधासारखं पांढरं. वाळू तर बसली होती, मग हे काय?

हळदीकुंकू पार पडलं. टब बेडरूममध्ये लपवला होता. एका काकूंनी वाण घेता घेता टाकीकडे बघून विचारलं, "हे मासे दुधात का ठेवलेत? काही व्रत आहे का?" सौ. म्हणाली, "हो, ह्यांचं आहे."

अभ्यासू_बेडूक · २५ जानेवारी, रात्री १०:२०

हाहाहा. व्रत कडक दिसतंय.

पेलाभर पाणी काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पांढरी पूड बसली तर वाळूची धूळ. तसंच धुरकट राहिलं तर जिवाणू. माझा अंदाज दुसरा. गाळातून पाण्यात विरघळलेल्या अन्नावर पोसलेत ते. दोनचार दिवसांत आपोआप जातात, फक्त तोवर ते प्राणवायू खातात. म्हणून पृष्ठभाग हलता ठेवा, खाणं निम्मं करा, आणि दुकानातून कसलीही 'पाणी स्वच्छ करणारी' बाटली आणू नका.

खारट_पुणेकर · ३० जानेवारी, रात्री ९:१०

पेला धुरकटच राहिला होता. काल संध्याकाळी पाणी एकदम स्वच्छ. लेदर कोरल अजून मिटलेलं, झोआ उघडले. आता तीन आठवडे काहीही करणार नाही.

जुना_टाकीवाला · ३० जानेवारी, रात्री ९:३०

शहाणा झालास. मोठ्या दगडाच्या पट्ट्याला न्यूजर्सीकराची पद्धत वापर. मासे आधीच टबात, मग दगड उचल, खालचं सगळं नळीने ओढ, दगड थेट काचेवर टेकव, मग वाळू.

खारट_पुणेकर · २ मार्च, रात्री ८:४५

सहाही पट्टे पूर्ण, शेवटचा काल. काकांनी सांगितलं तसंच केलं, काही घडलं नाही. काळं पाणी आलं पण ते थेट बादलीत.

नव्या वाळूवर तपकिरी पापुद्रा आलाय, तंबाखूची पूड भुरभुरावी तसा. सुरुवातीच्या पट्ट्यांवर आला होता, तिथून आता गेला. त्याला हात लावत नाही.

एक फुकटचा धडा: वाळूच्या जवळ काच पुसताना चुंबकात एक दाणा अडकला. समोरच्या काचेवर सात इंची ओरखडा, बरोबर नजरेच्या उंचीवर. आता खालची दोन इंच काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो.

नायट्रेट १५! फॉस्फेट ०.१२. खडीच गुन्हेगार होती हे सिद्ध झालं.

अभ्यासू_बेडूक · २ मार्च, रात्री ९:३०

अभिनंदन, पण विरजण घालतो. ६०ला दर वेळी १५ टक्के पाणी बदललं तर पहिल्यांदा ५१, मग ४३, आणि सहाव्यांदा २३ होतात. म्हणजे ६०वरून २३पर्यंत तुम्हाला पाण्यानेच आणलं, खडी तिथेच असती तरी. २३ तारखेचं जादा पाणी तर धरलंच नाही. अर्थात या दोन महिन्यांत खाणं घालत होता, तरी आकडा परत चढला नाही, तेवढं श्रेय खडी जाण्याला. खरी परीक्षा मेमध्ये. तोवर नेहमीप्रमाणे पंधरवड्यालाच पाणी बदला, आकडे लिहून ठेवा.

आणि नायट्रेट शून्यावर नेण्याच्या नादाला लागू नका. नवी कोरी वाळू आणि पाण्यात काहीच अन्न नाही, अशा टाकीत डायनोफ्लॅजेलेट पसरले तर हे तपकिरी चिकट तंतू वर्षभर पिच्छा सोडत नाहीत.

खारट_पुणेकर · २८ मार्च, रात्री ८:२०

रॅस आला. तीन आठवडे वेगळ्या, तळाला वाळू नसलेल्या टाकीत ठेवला होता, तिथे त्याच्यासाठी श्रीखंडाच्या डब्यात वाळू भरून ठेवलेली. पहिल्या रात्रीच डब्यात गडप. मुख्य टाकीवर जाळी बसवून घेतली, हा मासा उडी मारतो.

आज दुपारी मोठ्या टाकीत सोडला. सोडल्या सोडल्या डोकं खाली करून तिरका घुसला आणि दिसेनासा झाला. वाळूवर फक्त छोटी खाच. क्लाऊन त्या खाचेवर येऊन गोंधळल्यासारखे फिरत होते. तासाभराने टाकीच्या दुसऱ्या टोकाला आधी एक डोळा वर आला, इकडेतिकडे बघितलं, मग अख्खा पिवळाधमक बाहेर. संध्याकाळी पावणेसातला दिवे चालू असतानाच परत आत गेला. घड्याळ लावून घ्यावं इतका वक्तशीर.

सध्या कोळंबी आणलेली नाही. रॅस लहान आहे, पण वाढला की तिच्याकडे खाऊ म्हणून बघेल.

आता प्रश्न उरलाय तो बाल्कनीतल्या जुन्या खडीचा. दोन पोती भरलीत.

चिपळूणचा_मामा · २८ मार्च, रात्री ९:०५

इतके दिवस गंमत बघत होतो. ती खडी मला द्या. आमच्याकडे जांभ्याची आंबट माती, दरवर्षी चुना घालतो. शेवटी खडी म्हणजे चुनाच. पुढच्या आठवड्यात पुण्याला लेकीकडे येतोय.

जुना_टाकीवाला · २८ मार्च, रात्री ९:२०

मामा, आधी मीठ काढा. गोड्या पाण्याने चारपाच वेळा धुवा आणि एक पावसाळा अंगणात उघडी राहू द्या, मग झाडांना. नाहीतर मीठ मुळांना लागेल.

खारट_पुणेकर · २८ मार्च, रात्री ९:४०

मामा, जरूर या. दुपारी १ ते ४ सोडून कधीही. पोती माझी आहेत, ती रिकामी करून परत हवीत.

चिपळूणचा_मामा · २८ मार्च, रात्री ९:५२

पोती मी आणतो. चहा तुमचा.